साळुंकी छत्रीला बुजते

कडुनिंबाची पानं गळायला लागली की आमच्या घरात आवाज चढतात. रस्त्यावर पिवळा पाचोळा लोळत असतो, दुपारी कुठूनतरी धुळीची वावटळ उठते, आणि खिडक्याखिडक्यांतून पाढे, प्रश्नोत्तरं आणि आयांचं रागावणं एकत्र ऐकू येतं. परीक्षांचे दिवस. ग्वाल्हेरात या दिवसांत हवेला एक कोरडा, जरासा कडू वास असतो. थंडीतली तिळाची गजक संपलेली असते, शहतुतं, म्हणजे तुतीची फळं, अजून आलेली नसतात, आणि मधल्या या महिनाभरात तोंडाला कसलीच चव नसते. मी ऐंशी ओलांडली. मला आता कसली परीक्षा? तरी हा वास आला की मी खिडकी लावून घेतो. माझ्या परीक्षांमुळे नव्हे. मी सगळ्या पास झालो. एका पोरीच्या परीक्षेमुळे.

परवा माझी नात ईरा माझ्या पलंगावर पाय पसरून बसली होती. पाचवीत आहे. पुस्तक म्हटलं की तिचं डोकं दुखतं, पोट दुखतं, तहान लागते. आणि हातात काय, तर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीतला तो घड्याघड्यांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद.

"आजोबा, ही गोळी घेऊन तुम्ही मशीन नाही चालवायचं. लिखा है."

"माझ्याकडे कुठलं मशीन?"

"मिक्सर. मिक्सर पण मशीनच असतं ना. और सुनो, तोंड कोरडं पडू शकतं. पडतं का?"

"पडतं."

"मग बरोबर लिहिलंय." आणि बोट पुढच्या ओळीवर.

तेवढ्यात सून आत आली. "ईरा, धडा वाच म्हटलं तर तोंड वाकडं होतं, आणि हा कचरा काय वाचून राहिलीस? दे इकडे." तिनं हात पुढे केला.

"राहू दे," मी म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो असेन, कारण दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"बाबा, परवा पेपर आहे तिचा. तुम्हीच तिला बिघडवून राहिलात."

तिचं काही चुकलं नव्हतं. पण तो पुढे आलेला हात मी ओळखला. ती तळहाताची ऐट, ते 'दे इकडे'. तो हात माझाच होता. साठ वर्षांपूर्वी तो मी माझ्या बहिणीसमोर, मालूसमोर धरला होता, आणि तिनं त्यात जे ठेवलं ते मला पुन्हा कधी परत करता आलं नाही.

*

आम्ही दाणाओळीत राहायचो. दोन खोल्या, खाली धान्याची आणि मसाल्याची दुकानं, त्यामुळे आमच्या घरातल्या कपड्यांनासुद्धा धण्याजिऱ्याचा वास यायचा. आमचं घराणं शिपायांचं. दक्खनेतून घोड्यावर बसून आलेल्या लोकांतले आम्ही. दरबारात कागद लिहिणारे वेगळे, देवघरात मंत्र म्हणणारे वेगळे, आणि पागेत लीद उचलण्यापासून लढाईपर्यंत सगळं करणारे आम्ही. माझे वडील, आप्पा, संस्थानच्या रिसाल्यात स्वार होते. त्यांना सही करता यायची, तेवढंच. मी बी. ए. झालो. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस, आणि हे मी त्या काळात कुणालाही, न विचारता, सांगत असे. आजही मला त्याचा अभिमान आहे. त्या अभिमानानं पुढे काय केलं, त्याची लाज आहे. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि एकानं दुसरं धुतलं जात नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा रिसाला मोडला. काही माणसं नव्या फौजेत गेली, वय झालेल्यांना घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी पागेतल्या कारकुनानं म्हणे सांगितलं, की हे पडलेलं सामान कुणाच्या यादीत नाही, ज्याला जे हवं ते न्या. कुणी खोगीर आणलं, कुणी झूल, कुणी पितळी बादली. आप्पांनी एक वही आणली. लाल कापडी पुठ्ठ्याची, हातभर लांब. आई मरेपर्यंत हे ऐकवायची: "लोकांनी खोगिरं आणली, बादल्या आणल्या. यांनी वही आणली. वाचता येत नाही तरी."

ती हुलियाची बही होती. हुलिया म्हणजे अंगावरच्या खुणांचं वर्णन. पागेतल्या प्रत्येक घोड्याचं एकेक पान. घोडा चोरीला गेला, बदलला गेला, तर ओळखता यावा म्हणून रंग, कपाळावरचं पांढरं, पायांचं पांढरं, अंगावरचे भोवरे, जुन्या जखमा, सगळं कुणा कारकुनानं ठसठशीत बाळबोध अक्षरांत लिहून ठेवलेलं. भाषा आमच्या घरातलीच, म्हणजे अर्धी मराठी, अर्धी हिंदी, जिला पुस्तकवाले कुठलीच म्हणणार नाहीत. आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ एकाच शब्दानं सुरू व्हायची: बुजतो. किंवा बुजते. मग तो घोडा कशाला बुजतो ते.

आप्पांच्या घोडीचं पान मला आजही आठवतं. घोडी साळुंकी. रंग कुमैत, म्हणजे पिकल्या खजुरासारखा. कपाळावर चांदणी, नाकापर्यंत न उतरलेली. मागचा उजवा पाय खुरापासून वीतभर पांढरा. डावा कान टोकाशी फाटका. बुजते: छत्रीला.

तोफेला नाही, हत्तीला नाही. छत्रीला.

*

मालू माझ्याहून बारा वर्षांनी लहान. साळुंकीला तिनं पाहिलं ते अगदी तान्ही असताना, म्हणजे पाहिलंच नाही म्हणायचं. पण दाणाओळीतून जाणाऱ्या प्रत्येक टांग्याचा घोडा ती ओळखायची. शाळेत मात्र दगड. हिंदी शाळा, घरी मराठी. अक्षरं ओळखायची, पण पुस्तक उघडलं की तिचे डोळे पानावरून घसरून खिडकीबाहेर जायचे. पुस्तकात आज्ञाधारक मुलं होती, सकाळी लवकर उठायची आणि दात घासायची. एकदा मी रागानं विचारलं, "अगं, का वाचत नाहीस?" तर म्हणाली, "दादा, यात पुढे काहीच होत नाही."

चौथीत ती एकदा बसली होती, म्हणजे नापास झाली होती. दुसऱ्यांदा कशीबशी चढली. पाचवीत गेली तेव्हा आईनं निकाल देऊन टाकला: "यंदा वर चढली तर चढली. नाही तर पुरे झालं. किल्ला गेटला आत्याबाई एकट्या आहेत, त्यांच्या हाताखाली राहील."

मी म्हणालो, "मी शिकवीन तिला. बी. ए. काय उगाच झालो? पास करून दाखवतो." असं मी आप्पांसमोर, आईसमोर, मालूसमोर बोललो होतो.

ते नवं राज्य होण्याचं वर्ष. आधी संस्थानाचं मध्य भारत झालं होतं, आता मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. मी एका कचेरीत कनिष्ठ कारकून होतो. त्या हिवाळ्यात आमच्या कचेरीत लिखाणाचं काम कमी आणि बांधाबांधीचंच जास्त. खोकी, सुतळ्या, लाखेचा जळका वास, कापडात बांधलेले कागदांचे बस्ते. हे भोपाळला जाईल, हे इथे राहील, हे छाटणीत. छाटणी म्हणजे रद्दी. माणसांचीही तशीच वाटणी चालली होती. भोपाळच्या यादीत नाव लागावं म्हणून मी झुरत होतो. वाटायचं, इथे मी कायम आप्पा सवाराचा पोरगा राहणार, तिथे मी नुसता बी. ए. असेन.

कंपू भागातल्या एका दवाखान्यात आप्पा तेव्हा चौकीदार होते. संध्याकाळी परत येताना ते मुद्दाम टांगा अड्ड्यावरून यायचे. आणि मग, ऊन उतरत असताना, आमच्या गॅलरीत एक गोष्ट घडायची. मालू लाल वही मांडीवर घ्यायची. आप्पा भिंतीला टेकून उकिडवे बसायचे. ती बोट ठेवून वाचायची. आप्पांना वाचता येत नव्हतं, पण कुठला घोडा कुठल्या पानावर हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या पानावर काय असायला हवं तेही.

"रंग... अब... अबलख. पु... पुठ्ठ्यावर डा... डागाची खूण."

"डाग नव्हे, दाग. घोड्याच्या मागच्या अंगावर तापवून मारायचे ती मोहोर. पुढे."

"बुजतो... थांबा आप्पा, सांगू नका हं. बु-ज-तो, लाल... पागोट्याला!"

"बरोबर. काय फजिती केली होती त्यानं एका वऱ्हाडात." आणि मग ती फजिती.

शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून ती पोचायची. आधी पानाला अर्धा तास लागायचा. पौषात पाव तास. माघात ती वाचत होती आणि मी आत बसून कचेरीचा कागद लिहीत होतो, तेव्हा मला एकदम जाणवलं की तिचा आवाज अडखळत नाहीये. हे मी ऐकलं होतं. हे कबूल केलं पाहिजे. मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त मी त्याला वाचन मानलं नाही. वाचन म्हणजे पुस्तक. पुस्तक म्हणजे जे कॉलेजात असतं ते, किंवा तिथवर नेणारं. लीद आणि खरारा यांची वही हे माझ्या लेखी वाचन नव्हतं. मी जिथून वर आलो होतो तिथलाच तो चिखल होता, आणि माझी बहीण त्यात आनंदानं बसली होती.

*

आमच्या कचेरीतले वडील कारकून, त्यांना सगळे नानासाहेब म्हणत. दरबारी घराण्यातले. भोपाळची यादी त्यांच्या टेबलावरून जायची. त्यांना मी एका रविवारी चहाला बोलावलं. आईनं चिवडा केला, नवी चादर घातली. आप्पा शर्टाची वरची गुंडी लावून दाराशी उभे राहिले, त्यांना बसा म्हणायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

नानासाहेब भले गृहस्थ होते. मालूला म्हणाले, "काय गं, वाचतेस की नाही? दाखव वाचून काहीतरी."

मी आत गेलो, हिंदीचं पुस्तक आणायला. बाहेर येतो तर मालू लाल वही मांडीवर घेऊन सुरू झालेली. एका दमात, कुठेही न अडखळता, छातीवरचा भोवरा, पोटावरचा व्रण, खूर चिरलेला, शेपूट कातरलेली, बुजतो बँडच्या झांजेला. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली. तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वाच म्हटलं होतं आणि तिला वाचता आलं होतं.

नानासाहेब हसले. प्रेमानंच हसले. म्हणाले, "वा. घोडे सगळे पास होतील. पोरीचं काय ते बघा." मग माझ्याकडे वळून, "अरे, तू बी. ए. ना? घरात हेच वाचता होय तुम्ही?"

आप्पाही हसले. पाहुणा हसला की हसायचं असतं, तसं. मी हसलो नाही. माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर मालूची पाटी उंबऱ्यापाशी उभी केलेली. तिनं लिहिलं होतं, स्वतःहून, कुणी न सांगता. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या घराचा हुलिया.

आई. रंग गोरा. कपाळावर गोंदण. उजव्या हातावर भाजल्याची खूण. बुजते: पालीला.

आप्पा. रंग सावळा. डाव्या पायानं लंगडतात, थंडीत. बुजतात... इथे जागा मोकळी. तिला सुचलं नसावं.

दादा. रंग गव्हाळ. हनुवटीवर तीळ. चश्मा. बुजतो: हसण्याला.

आज कुणा मास्तरला अशी पाटी दिसली तर तो ती भिंतीवर लावील. मी ती ओल्या फडक्यानं पुसली. नुसती पुसली नाही, घासली. मग हात पुढे केला. "ती वही दे इकडे."

"का?"

"परीक्षा होईपर्यंत मिळणार नाही. हे वाच." आणि मी तिच्यासमोर एक जाड पुस्तक ठेवलं. सुवचनांचं होतं. कागद फार चांगला होता.

तिनं वही दिली. पुसलेल्या पाटीकडे बघत दिली. "परीक्षेनंतर परत?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

आणि त्याच आठवड्यात मी ती लाल वही कापडी पिशवीत घालून कचेरीत नेली आणि छाटणीच्या ढिगावर टाकली. ढीग छातीएवढा होता. वही वरून घसरून भिंतीकडच्या बाजूला पडली, तिचा लाल कोपरा दिसत राहिला, म्हणून मी त्यावर आणखी एक बस्ता ठेवला.

आप्पांनी दोन दिवस शोधली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, बही कुठे?" मी बी. ए. झाल्यापासून ते मला बाबू म्हणायचे, निम्मी थट्टा, निम्मा मान.

"दिली रद्दीत. काय करायचंय त्या घोड्यांचं? तिला पास व्हायचं आहे की तबेला सांभाळायचा आहे?"

ते म्हणाले, "बरं."

आप्पा शब्दाचे कंजूष होते. पण रिसाल्याबरोबर एकदा गेलेली साळुंकी त्या 'बरं'मध्ये दुसऱ्यांदा गेली, हे मला कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

*

फाल्गुनात ऊन एकदम चढतं इथे. खाली दुकानदार दाणाओळीत पाणी शिंपडायचे, तापल्या दगडांचा वास वर यायचा. मी रोज संध्याकाळी मालूला घेऊन बसायचो. सुवचनं ती शब्दाशब्दाला ठेचकाळत वाचायची, आणि मला वाटायचं, मुद्दाम करते. मी आवाज चढवायचो. आप्पा आता गॅलरीत एकटे बसायचे. रस्त्यावरून टांगा गेला की दोघांच्याही माना एकाच वेळी वळायच्या, आणि मग दोघंही माझ्याकडे बघायची.

एका सकाळी आईनं तिला खाली जिऱ्याची पुडी आणायला पाठवलं. ती वर आली ती पुडी उलगडतच. जिरं ओट्यावर सांडलं. कागद तिनं दोन्ही हातांनी सपाट केला आणि वाचला. मोठ्यांदा. एका दमात. "खूण मागील बाजूस, दागाची, अस्पष्ट. शेपूट लांब. बुजते: वाळत घातलेल्या धोतराला."

मी दाढी करत होतो. वस्तरा हातात तसाच राहिला. दीड महिना मी जे आवाज चढवून काढू शकलो नव्हतो ते वाचन जिऱ्याच्या पुडीतून बाहेर पडत होतं.

मालूनं कागद उलटसुलट करून बघितला. कडा फाटलेली, शाई तीच. तिला समजलं. रडली नाही. म्हणाली, "आपली बही कुणी दिली?"

खोलीत चौघं होतो. आईला काही माहीत नव्हतं. मी आरशात बघत होतो. आरशात आप्पा दिसत होते, आणि आप्पा आरशातून माझ्याकडे बघत होते. साबण माझ्या गालावर वाळत होता. मी तोंड उघडायला हवं होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त.

आप्पा म्हणाले, "मीच दिली. बाबूच्या पेटीत जागा अडवून बसली होती."

"साळुंकीचं पान पण?"

"सगळीच."

त्यांना मी नंतर जिन्यात गाठलं. विचारलं, असं का केलंत. ते जोडे घालत होते. वर न बघता म्हणाले, "तुला तिला शिकवायचं आहे ना? बापावर रागावली तर चालेल. मास्तरावर रागावली तर शिकणार कशी?"

*

एप्रिलात तोंडी परीक्षा होती. मी तिला शाळेच्या दारापर्यंत सोडायला गेलो. लू सुरू झाली होती, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी. अर्ध्या तासानं ती बाहेर आली. विचारलं, काय वाचायला सांगितलं. म्हणाली, "माहीत नाही." बाईंनी पुस्तक समोर धरलं आणि हिनं तोंडच उघडलं नाही. एक अक्षर नाही.

ती नापास झाली. आईनं शब्द पाळला. पुढच्या महिन्यात आत्याबाई येऊन तिला किल्ला गेटला घेऊन गेल्या, टांग्यानं. टांग्यात चढण्याआधी मालूनं घोड्याला निरखून पाहिलं, पण कुणाला काही सांगितलं नाही. आप्पा दवाखान्यातून मुद्दाम रजा घेऊन आले होते. तिनं त्यांना नमस्कार केला, जसा परक्या वडीलमाणसाला करतात तसा.

माझं नाव भोपाळच्या यादीत लागलं नाही. मी इथेच राहिलो, इथेच मोठा कारकून झालो, निवृत्त झालो. बदली झाली असती तर निदान दूर होतो असं म्हणता आलं असतं.

मालूचं लग्न तिथेच, किल्ला गेटला झालं. नवऱ्याचं टांग्याच्या साजाचं दुकान. ती लगाम, पट्टे, गळ्यातल्या घुंगरांच्या माळा शिवायची, आणि नवऱ्यापेक्षा चांगलं शिवायची. पुढे टांगे गेले. आता त्याच दुकानात, त्याच सुईनं, ती शाळेची दप्तरं शिवते. दप्तरांवर लिहिलेली पोरांची नावं वाचते, वर्ग वाचते. तेवढं तिचं वाचन.

आप्पा त्यानंतर पंधरा वर्षं जगले. ती सणाला यायची, त्यांना वाढायची, औषध द्यायची. त्यांच्याजवळ बसली मात्र कधी नाही. एकदा दिवाळीत त्यांनी तिला सहज म्हटलं, "किल्ला गेटला तो नवा पांढरा घोडा कुणाचा गं?" ती म्हणाली, "मी नाही बघत आता." मी तिथेच होतो. करंजी खात होतो. मी तेव्हा सांगू शकलो असतो. ते गेले त्या दिवशी सांगू शकलो असतो, ती त्यांच्या पायांशी उभी होती, कोरड्या डोळ्यांनी. साठ वर्षांत एवढ्या संधी आल्या की त्या मोजायचीही मला भीती वाटते. मी मुलांना शिकवलं, नातवंडांना शिकवलं, लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या. हे एक वाक्य मला बोलता आलं नाही.

*

परवा ईराच्या हातातला तो कागद मी वाचवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्यांतले कागद गोळा करून बिस्किटांच्या डब्यात भरले आणि तिला दिले. ती म्हणाली, "इतने सारे? आजोबा, तुम्ही तर फार बीमार आहात." सुनेनं कपाळाला हात लावला. मला कळतं, एवढ्यानं काही फिटत नाही. पण रात्री जेवताना ईरानं आजीच्या गुडघ्याच्या मलमाचा कागद पूर्ण वाचून दाखवला, आणि सून शेवटी विचारती झाली, "पुढे काय लिहिलंय?"

मग मी हे लिहायला बसलो. मोठ्या अक्षरात लिहिलं, ओळीत ओळ सोडून, कारण वाचणारी हळू वाचते. लिहून झालं तेव्हा रिक्षा करून किल्ला गेटला गेलो.

मालू दुकानात होती. मांडीवर एक निळं दप्तर, पट्टा तुटलेलं. परीक्षेच्या दिवसांत दप्तरं फार येतात म्हणाली, पोरं राग त्यांच्यावर काढतात. मी कागद पुढे केले. "तुला वाचायला आणलंय."

"मला? दादा, माझं वाचन म्हणजे तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणूनच."

तिनं चश्मा लावला. बोट ठेवलं. मी समोरच्या बाकावर बसलो आणि किल्ल्याच्या भिंतीकडे बघत राहिलो. तिला दीड तास लागला. मधे एक बाई दप्तर घेऊन आली, तिला तिनं हातानंच थांब म्हटलं. बोट सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. मग एका जागी थांबलं आणि हललंच नाही. मी वाकून पाहिलं नाही. कुठलं पान आहे ते मला जाडीवरून कळत होतं. आरसा, साबण आणि 'मीच दिली'.

बऱ्याच वेळानं तिनं पानं मागे उलटली, अगदी सुरुवातीपर्यंत.

"हे चुकलंय," ती म्हणाली. तिचा आवाज जड होता, पण अडखळत नव्हता. "मागचा उजवा पाय लिहिलायस तू. डावा होता. मागचा डावा."

"तुला नक्की आठवतं?"

"आप्पा कुठल्या बाजूनं चढायचे?"

"डाव्या. सगळेच डाव्या बाजूनं चढतात."

"मग. त्यांच्या बाजूचा पाय तो. रिकिबीत पाय घालताना खाली बघितलं की पांढरं दिसायचं, सांगायचे ना." तिनं चश्मा काढला आणि पदरानं पुसला, दोनदा. "तुला सांगितलं नसेल. तू आत बसायचास."

मी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं नाही. "तू लिही. मी सांगते." उजवा शब्द मी वर तसाच ठेवला आहे, माझ्या चुका आता मला खोडायच्या नाहीत. कागदाच्या पाठीवर तिनं सांगितलं तसं लिहिलं. घोडी साळुंकी, रंग कुमैत, मागचा डावा पाय वीतभर पांढरा, बुजते छत्रीला.

"आता आप्पांचं लिही," ती म्हणाली.

लिहिलं. आप्पा. रंग सावळा. डाव्या पायानं लंगडतात, थंडीत. बुजतात.

पेन टेकवून मी थांबलो. तिनं दप्तर पुन्हा मांडीवर घेतलं, सुईत दोरा ओवला, दोन टाके घातले.

"तेवढी जागा सोड," ती म्हणाली. "मला विचार करू दे."

सोडली आहे.